ट्रॅक्टर ओढत नाही? आधी काटा बघा, मग इंजिन उघडा

‘ट्रॅक्टर ओढत नाही’ ही एकच तक्रार वाटते, पण तिच्या पोटात दोन आहेत. एकीत इंजिनच दबतं: ट्रॉली चढाला लागली की आवाज जड होतो, आरपीएमचा काटा खाली येतो, सायलेन्सर काळा धूर ओकतो. दुसरीत इंजिन मोकळं फिरतं, काटा खाली येत नाही आणि ट्रॅक्टर मात्र पुढे सरकत नाही. पहिलीत दोष डिझेलचा, हवेचा किंवा कॉम्प्रेशनचा, कधी धरून राहिलेल्या ब्रेकचाही. दुसरीत क्लचचा नाहीतर टायरचा. जुना ट्रॅक्टर घेतलेला माणूस गॅरेजवर जाऊन नुसतं ‘दम नाही’ एवढंच सांगतो आणि मिस्तरी ‘हाफ इंजिन काढावं लागेल’ म्हणतो. या दोन वाक्यांच्या मध्ये तीस-पस्तीस हजार रुपये असतात.

मी नामपुरात जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा माझंही तसंच झालं. डाळिंबाला ब्लोअर लावला की पंख्याचा जोर कमी पडायचा, कांद्याची ट्रॉली भरली की तिसऱ्या गिअरवर यावं लागायचं. एका गॅरेजने हाफ इंजिनचा आकडा सांगितला. शेवटी दोष निघाला अ‍ॅक्सिलरेटरच्या रॉडमध्ये. पेडल पूर्ण दाबलं तरी डिझेल पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकत नव्हता. चकतीत पडलेलं भोक आणि झिजलेली पिन, एवढंच. खर्च शंभराच्या आत.

म्हणून पहिली तपासणी तीच, आणि तिला पैसे लागत नाहीत. एकाला पेडल दाबायला सांगा, आपण पंपाकडे बघा. लिव्हर स्टॉपला भिडतो का? नसेल भिडत, तर पुढचं सगळं नंतर.

दुसरी फुकट तपासणी डिझेलच्या टाकीच्या झाकणाची. ट्रॅक्टर दहा मिनिटं बरा चालतो, मग दबतो, उभा केला की पुन्हा बरा होतो, असं होत असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजल्याचा संशय घ्या. दबलेल्या वेळी झाकण सैल करा. आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि जोर परत आला, तर रोग तिथेच सापडला. भोक मोकळं करायला तार पुरते.

तिसरी ब्रेकची. रिकामा ट्रॅक्टर गावातून एक फेरी मारून आणा आणि दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या घराजवळ हात न्या. एक बाजू जास्त तापली असेल तर ब्रेक धरून राहतो आहे. इंजिन बिचारं ब्रेकशीच झुंजतंय. ट्रॉलीची चाकंही जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. बेअरिंग कोरडी पडलेली ट्रॉली चांगल्या ट्रॅक्टरलाही बदनाम करते.

आता हवा. आमच्या मोसम खोऱ्यात उन्हाळ कांदा निघतो तो धुळीच्याच दिवसांत. पात, पापुद्रा आणि माती एकदमच उडते. जुन्या ट्रॅक्टरना बहुतेक ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. त्याच्या वाटीतलं तेल धुळीच्या कामात रोज बघायचं, गाळ साचला की बदलायचं आणि खुणेच्या वर भरायचं नाही. जास्त भरलं तर इंजिन तेल ओढतं. तेलाचा खर्च दीड-दोनशे रुपये. कागदी फिल्टर असेल तर तो टायरवर आपटून साफ करण्याची आपल्याकडची सवय सोडा. कागद फाटतो, आणि ते दिसतही नाही. कॉम्प्रेसरची हवा मंद ठेवून आतून बाहेर मारायची. नवा घ्यायचा तर पाचशे ते बाराशे.

यापेक्षा महत्त्वाचा आहे फिल्टरपासून इंजिनपर्यंत जाणारा रबरी पाइप. तो तडकला किंवा त्याची क्लिप सैल झाली, तर धूळ फिल्टर चुकवून थेट लायनरमध्ये जाते आणि रिंगा खाते. दोन-तीनशे रुपयांचा पाइप वेळेवर न बदलल्याने पन्नास हजारांचं इंजिन जातं. जुना ट्रॅक्टर घेताना हा पाइप काढून त्याच्या आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली, तर किंमत तिथल्या तिथे कमी करायला सांगा. मला विचाराल तर रंग, टायर, सीट यांच्याआधी हेच बघायचं.

डिझेलचा भाग त्याच्या खालोखाल. आपल्याकडे पंपावरून कॅनमध्ये आणायचं, पत्र्याच्या ड्रममध्ये ठेवायचं आणि नळीने टाकीत सोडायचं ही रीत. ड्रमच्या तळाचं पाणी आणि गंज त्यासोबत टाकीत येतो. बहुतेक ट्रॅक्टरला दोन फिल्टर असतात. दोन्ही मिळून तीनशे ते सातशे रुपये. ते बदलल्यावर पाइपमधली हवा काढावीच लागते, नाहीतर ट्रॅक्टर सुरू होऊन पुन्हा बंद पडतो आणि माणूस म्हणतो, ‘नवा फिल्टर खराब निघाला.’ फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती बुजलेली असते आणि कुणाच्या ध्यानीमनी नसते.

इथपर्यंत खर्च साधारण दीड-दोन हजार. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

नाही मिटल्या, तर धूर बघा. ओझं ओढताना काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे इंजिनचं तेल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. थंडीत सुरुवातीला थोडा वेळ आला तर घाबरू नका, पण तापल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघावी लागेल.

काळ्या धुराला नोझल तपासा. टेस्टिंगच्या दुकानात प्रत्येक नोझलचे शंभर ते दोनशे घेतात, नवा पाचशे ते हजाराला पडतो. तीन सिलिंडरचं काम साधारण दोन ते साडेतीन हजारांत होतं. नोझलसोबतच टायपेट सेट करून घ्या, त्याचे तीन-चारशे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करून बघण्याची मिस्तरींची पद्धत जुनी आहे. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. हे मात्र मिस्तरीलाच करू द्या. त्या डिझेलचा दाब कातडीतून आत शिरण्याएवढा असतो. जानेवारी २०२३ नंतर ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना नवे प्रदूषण नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल इंजिन आली. त्यांच्यावर ही पद्धत अजिबात वापरायची नाही, तिथे स्कॅनर लागतो.

डिझेल पंप, ज्याला आपले मिस्तरी अजून ‘मायको’ म्हणतात, शेवटी उघडायचा. कॅलिब्रेशन आणि सुटे भाग मिळून पाच ते बारा हजार. त्याच्या स्क्रूवर शिक्क्याची तार असते. ती तुटलेली दिसली तर आधीच्या मालकाने ‘पॉवर वाढवून’ घेतलेली असणार. अशाने ट्रॅक्टर काही दिवस जोरात ओढतो, डिझेल पितो, तापतो आणि मग पिस्टन मागतो.

इंजिनच थकलंय की नाही हे कळायला एक सोपी खूण आहे. इंजिन तापवून चालू ठेवा आणि तेल भरायचं झाकण काढा. तिथून भट्टीसारखी फुंक आणि धूर येत असेल, तर रिंगा-लायनर गेले. खात्रीसाठी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, पाचशे ते हजार रुपये. आकडा कागदावर लिहून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल किंवा सगळेच ठरल्यापेक्षा फार खाली असतील, तरच हाफ इंजिनला हो म्हणा. हाफ म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम: पंचवीस ते चाळीस हजार. क्रँक घासून फुल इंजिन करायचं तर पन्नास ते नव्वद हजार. हे सगळे आकडे अदमासाचे. मॉडेलप्रमाणे वर-खाली होतील. काढलेले जुने भाग मात्र स्वतःच्या घरी आणा. निदान काय बदललं ते तरी डोळ्यांनी दिसतं.

आता दुसऱ्या जातीची तक्रार, जिथे काटा उभा आणि ट्रॅक्टरही उभा. वरच्या गिअरवर ट्रॉली ओढताना इंजिनचा आवाज चढतो, वेग चढत नाही आणि जळका वास येतो, म्हणजे क्लच प्लेट घसरते आहे. आधी पेडलचं फ्री प्ले बघा. ते बसवायला पैसे लागत नाहीत. प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधून दोन भाग करून उघडावा लागतो, म्हणून मजुरीसह बारा ते पंचवीस हजार धरा. ड्युअल क्लच असेल तर दोन्ही प्लेटा एकदमच बदला, पुन्हा उघडण्याची मजुरी वाचते.

टायरची घसर मोजता येते. मागच्या टायरवर खडूची खूण करा. वावरात नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. १३.६-२८ च्या टायरला ते ४० मीटरच्या आसपास येईल. मग नांगर लावून पुन्हा दहा फेरे. ३४ मीटर आलं तर घसर १५ टक्के, म्हणजे ठीक. ३० वर आलं तर चौथा हिस्सा डिझेल माती उकरण्यात जातंय. टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवता येतं, फक्त मजुरी लागते. गोटे झिजले असतील तर नवी जोडी तीस ते पंचेचाळीस हजार.

पीटीओवर ब्लोअर चालवणाऱ्यांनी हजार-दीड हजाराचा डिजिटल टॅकोमीटर घेतला तर पैसे वसूल होतात. शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवून फेरे मोजता येतात. पंखा लावल्यावर ५४० चे ४५० वर आले, तर झाडाच्या आतल्या पानांपर्यंत औषध जाणार नाही. मोजताना उपरणं, सैल शर्ट, ओढणी अंगावर नको.

कधीकधी ट्रॅक्टरचा दोषच नसतो. ३० एचपीला सहा फुटी रोटाव्हेटर जोडला तर तो दबणारच. आपल्या मॉडेलची खरी ताकद बघायची तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल मिळवा. त्यात पीटीओवरची अश्वशक्ती आणि डिझेलचा खप दिलेला असतो. बॉनेटवरचा एचपी हा इंजिनचा असतो, पीटीओवर तो नेहमीच कमी भरतो.

जुना घ्यायला निघाला असाल तर आणखी एक हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, मागच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५. नवा स्वस्त झाला तर जुन्याचा भावही उतरला पाहिजे. विक्रेता २०२४ चा भाव सांगत असेल तर तसं तोंडावर बोला. सुटे भाग पक्क्या बिलावर घ्या, म्हणजे कर किती लावला ते कळेल. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०, आणि बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

आणि बघायला जाल ते सकाळी, न कळवता. बॉनेटजवळ हात नेऊन इंजिन आधीच गरम केलेलं आहे का ते बघा. असेल, तर चहा घ्या आणि ते थंड होईपर्यंत तिथेच बसा.