नोकरवर्गाचे फेरफार : मागणी कोणाची, मंजुरी कोणाची?

पेढीवर नोकर ठेवणे, त्याचा पगार वाढविणे, त्यास एका गोदामावरून दुसऱ्या गोदामावर नेणे अथवा कामावरून कमी करणे, ही कामे आपल्या वडिलांच्या काळी दोन शब्दांत होत. शेठजी गादीवरून बोलत आणि दिवाणजी हजेरीपटावर तसे लिहीत. आता हजेरीपट संगणकात गेला आहे. सांगणारा एक व लिहिणारा दुसरा, हा भेद मात्र त्या घाईत पुष्कळ पेढ्यांवरून नाहीसा झाला. तो किती मोलाचा होता, हे आम्हांस ठेच लागल्यावर कळले.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या गोदामावरील एक जुना नोकर आजारपणामुळे गावी गेला. तीन महिन्यांनी परतला, तो भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर त्याच्या नावापुढे नोकरी सोडल्याची तारीख पडलेली! नोंद पेढीच्याच नावे झालेली. ती केली कोणी? परवलीचा शब्द एकच. तो दिवाणजींस ठाऊक, पुतण्यास ठाऊक आणि आम्हांसही. आम्ही दिवाणजींस चारचौघांत बोललो. आठ दिवसांनी पुतण्या म्हणाला, "काका, तो परत येणार नाही असे समजून मीच ती तारीख घातली." मालक व नोकर यांचे संयुक्त निवेदन देऊन तारीख दुरुस्त झाली. दिवाणजींची माफी आम्ही गादीवरच मागितली. परंतु पूर्वीसारखे ते आमच्याशी हसून बोलावयास वर्ष लागले.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारात अशा फेरफारासाठी बावन्न क्रमांकाचा नमुना भरतात. त्यावर मागणी करणाऱ्याची व तीस संमती देणाऱ्याची चौकट निरनिराळी असते, आणि शेवटचा हुकूम पन्नास क्रमांकाच्या वेगळ्या कागदावर निघतो. एवढा खटाटोप आपणांस नको. पण त्यातील वाटणी घेण्याजोगी आहे. आमच्याकडे आता गोदामाचा मुकादम कारणासह चिठ्ठी लिहितो, पुतण्या शिफारस करतो, आम्ही सही करतो, आणि त्यानंतरच दिवाणजी नोंद करतात. दिवाणजींस मंजुरीचा अधिकार नाही, आणि आम्हीही स्वतः नोंद करीत नाही.

टॅलीमध्ये 'ओनर' व 'डेटा एंट्री' असे दोन दर्जे मुळातच आहेत. आणखीही बनविता येतात. प्रत्येकास स्वतःचे नाव व स्वतःचा परवलीचा शब्द द्यावा. डिजिटल सहीची किल्ली तर ज्याच्या नावे आहे त्याच्याच तिजोरीत असावी. ती कर-सल्लागाराच्या खणात ठेवून देणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. कोऱ्या चेकवर सही करून ते देतील काय?

आपल्या घरच्या पेढ्यांत खरी अडचण निराळीच असते. भाचा अथवा मेहुणा नोकरीस ठेवावयाचा झाल्यास ज्याचा तो आप्त, त्याने मंजुरीची सही करू नये. ती दुसऱ्या भागीदाराने करावी. आमच्या बंधूंस हे प्रथम रुचले नाही.

कामावरून कमी करण्याची चिठ्ठी मात्र आम्ही सर्वांत सावकाश वाचतो. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी संस्था कायद्याप्रमाणे सलग सहा महिने नोकरी झालेल्यास वाजवी कारणाशिवाय, तसेच एक महिन्याची सूचना अथवा तितका पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. गैरवर्तनासाठी काढावयाचे तर रीतसर चौकशी व्हावी लागते. आम्ही परगावी असलो तर सहीचा अधिकार धाकट्या बंधूंस लेखी देतो, तोही तारखेपासून तारखेपर्यंत. एरवी चिठ्ठी आम्ही परत येईपर्यंत दिवाणजींच्या खणात पडून राहते.