न उघडलेल्या यंत्राचा अंदाज

निन्टेंडो स्विच २ हा गेमिंग कन्सोल ५ जून २०२५ रोजी विक्रीस आला. त्याच्या आत काय असेल याचे सहा अंदाज मी ऑक्टोबर २०२४ मध्ये, नववीत असताना, भौतिकशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. चार बरोबर आले, दोन चुकले. बरोबर आलेले चारही दुसऱ्यांनी शोधलेले होते, मी फक्त उतरवून घेतले. चुकलेले दोन मात्र अगदी माझे स्वतःचे होते. म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

आधी हायब्रिड कन्सोल म्हणजे काय ते सांगतो, कारण पालकांपैकी अनेकांनी तो पाहिला नसेल. साधा कन्सोल टीव्हीजवळ ठेवलेला असतो आणि भिंतीतल्या प्लगमधून वीज घेतो. हातात धरायचे गेमचे यंत्र बॅटरीवर चालते. हायब्रिड म्हणजे दोन्ही एकात: हातात धरून खेळा, घरी आल्यावर तेच यंत्र डॉक नावाच्या स्टँडमध्ये ठेवा, चित्र टीव्हीवर दिसते. पहिला निन्टेंडो स्विच ३ मार्च २०१७ रोजी आला तो असा होता.

डॉकमध्ये एखादा जास्तीचा प्रोसेसर असतो असे मला बरेच दिवस वाटत होते. तसे नाही. डॉक फक्त वीज पुरवतो आणि चित्र टीव्हीपर्यंत पोहोचवतो. चिप तीच राहते, फक्त वेगाने पळू लागते. पहिल्या स्विचमध्ये ग्राफिक्सचा वेग हातात असताना बहुतेक वेळा ३०७ किंवा ३८४ मेगाहर्ट्झ, आणि डॉकमध्ये ७६८ मेगाहर्ट्झ असे. म्हणजे दुप्पट किंवा अडीचपट. हे प्रमाण कुठून आले ते पिक्सेल मोजले की कळते. स्विचच्या पडद्यावर १२८० × ७२० = ९,२१,६०० पिक्सेल आहेत. टीव्हीसाठी १९२० × १०८० = २०,७३,६०० पिक्सेल काढावे लागतात. म्हणजे बरोबर सव्वादोन पट. काम सव्वादोन पट वाढले म्हणून वेगही साधारण तेवढाच वाढवला. मला हे गणित फार आवडले. यंत्र न उघडताही त्याच्याबद्दल काही सांगता येते, असे त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

आता बॅटरी. स्विचच्या बॅटरीवर ४३१० मिलीअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असे छापलेले असते. गुणाकार केला की सुमारे १६ वॅट-तास येतात. जड गेम खेळताना २०१७ चा स्विच अडीच तास चालेल असे कंपनी सांगत होती. १६ भागिले २.५ म्हणजे ६.४ वॅट. पडदा, पंखा, वायफाय आणि चिप, सगळे मिळून एवढ्यात भागवायचे. घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो हे लक्षात घ्या.

आणि ही वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हैसूरच्या देवराज अर्स रोडवर रविवारच्या आउटिंगला आम्ही गेलो होतो, तेव्हा एका दुकानात बाहेरून आणलेला स्विच ठेवलेला होता. दुकानदारांनी दोन मिनिटे हातात धरू दिला. मी गेम पाहायचा सोडून यंत्राच्या वरच्या फटीवर बोट धरून उभा होतो. तिथून कोमट वारा येत होता. मित्र हसले. पण १३.९ मिलिमीटर जाडीच्या डबीतून हातांना चटका न बसता किती उष्णता बाहेर काढता येते, यावरच आतली चिप किती ताकदवान असू शकते हे ठरते. बाकी सगळी चर्चा त्यानंतरची.

चिपला लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग अशा प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर सहसा व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे दुप्पट वेगाला दुपटीहून जास्त वीज लागते. उलट बाजूने पाहू. वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज २० टक्के कमी करता आले, तर ०.५ × ०.८ × ०.८ = ०.३२. काम निम्मे होते, पण वीज एक तृतीयांशाहून कमी लागते. हे समीकरण मला तेव्हाही येत होते. तरी ते योग्य जागी वापरायचे मला सुचले नाही. त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे.

लायब्ररीतल्या एका पुस्तकात मी बातमीला दर्जा देण्याची पद्धत वाचली होती. ती ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातून आली आणि नाटोच्या सैन्यांत वापरली जाते. बातमी आणणाऱ्याला ए ते एफ असे अक्षर आणि बातमीला १ ते ६ असा आकडा. दोन्ही वेगवेगळे ठरवायचे, कारण विश्वासू माणूसही चुकीची बातमी आणू शकतो आणि थापाड्याही कधी खरे बोलतो. कन्सोलच्या बातम्यांना मी हेच दर्जे लावून पाहिले.

सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या अभियंत्याने लिनक्स या खुल्या प्रणालीसाठी एक दुरुस्ती पाठवली. तिच्यात टेग्रा २३९ नावाच्या चिपचा उल्लेख होता आणि तिला एकाच गटात आठ सीपीयू कोर आहेत असे लिहिले होते. ही बातमी कोणी फोडलेली नव्हती, कामाच्या ओघात लिहिलेली होती. खोटे लिहिले असते तर प्रणाली नीट चाललीच नसती. मी ए-२ दिले. मे २०२४ मध्ये मालवाहतुकीच्या नोंदींतून ६ जीबीच्या दोन मेमरी चिप आणि २५६ जीबी साठवण अशी माहिती बाहेर आली. यावरही माझा विश्वास बसला, आणि त्याचे कारण म्हैसूरमध्येच आहे. इथल्या बेळगोळ औद्योगिक वसाहतीत केन्स टेक्नॉलॉजी ही कंपनी आहे. दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी सर्किट बोर्डांवर सुटे भाग बसवून देणे हे तिचे काम. ती स्विच बनवत नाही, पण अशा धंद्यात भाग कसे फिरतात हे तिच्यावरून समजते. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक खोक्याबरोबर कागद असतो, त्यावर काय आहे आणि किती आहे हे लिहावेच लागते. अफवेवर कोणी सीमाशुल्क भरत नाही.

तिसरी बातमी ग्राफिक्सच्या १,५३६ कोरची. ती २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या संगणकांवर झालेल्या हल्ल्यातून बाहेर आली होती. म्हणजे चोरीची. बरोबर निघाली तरी तिचे गुण मी घेत नाही. पण ती मला माहीतच नव्हती असेही म्हणता येणार नाही. एकदा ऐकलेले कानातून काढता येत नाही.

याच्या उलट उदाहरण मार्च २०२१ चे. ब्लूमबर्गने बातमी दिली की निन्टेंडो सॅमसंगचा ७ इंची ओएलईडी पडदा घेणार आहे आणि नवा स्विच टीव्हीवर ४के चित्र देईल. जुलैमध्ये घोषणा झाली. पडदा अगदी तोच होता, ४के मात्र नव्हते, चिप जुनीच होती. एकाच बातमीचा अर्धा भाग खरा आणि अर्धा खोटा का ठरला, यावर मी बराच विचार केला. पडद्याची ऑर्डर द्यावी लागते. ४के हा बेत असतो आणि बेत बदलतो. म्हणून ए ते एफच्या शेजारी मी आणखी एक रकाना आखला: यासाठी कोणी पैसे मोजले आहेत का?

इतकी तयारी केली आणि तरी मी चुकलो.

पहिली चूक पडद्याची. ओमडिया या संशोधन संस्थेच्या विश्लेषकाने जानेवारी २०२४ मध्येच सांगितले होते की नव्या यंत्राला ८ इंची एलसीडी पडदा असेल. (ते यंत्र २०२४ मध्येच येईल असे त्यांनी सांगितले होते, ते चुकले.) ही पडद्यांच्या बाजारातून आलेली बातमी, माझ्याच नियमाने वरच्या दर्जाची. मी ती बाजूला ठेवून वहीत ओएलईडी लिहिले. एकदा ओएलईडी दिल्यावर कोण मागे जाईल, एवढेच माझे कारण. प्रत्यक्षात ७.९ इंची एलसीडी आला. १०८० रेषांचा, सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा चांगला पडदा आहे, पण एलसीडीच.

दुसरी चूक जास्त शिकवणारी आहे. १,५३६ कोर म्हणजे पहिल्या स्विचच्या सहापट. जुन्या, सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीने चिप बनवली तर इतके कोर साडेसहा वॅटमध्ये चालणार नाहीत, असे मी मांडले. (नॅनोमीटरचा हा आकडा आता मापापेक्षा नाव म्हणूनच उरला आहे.) म्हणून चिप ४ किंवा ५ नॅनोमीटरची असणार, आणि म्हणून बॅटरी किमान तीन तास चालणार. माझ्याकडे पुरावाही होता. ऑगस्ट २०१९ मध्ये निन्टेंडोने स्विचची चिप २० वरून १६ नॅनोमीटरवर नेली तेव्हा तीच बॅटरी अडीचऐवजी साडेचार तास चालू लागली. १६ भागिले ४.५, म्हणजे साडेतीन वॅट! गणितात एकही चूक नव्हती.

चिप निघाली ८ नॅनोमीटरची. डिजिटल फाउंड्री या ब्रिटिश तपासनीसांनी मे २०२५ मध्ये वेग प्रसिद्ध केले: हातात ५६१ मेगाहर्ट्झ, डॉकमध्ये १००७. कोर खूप ठेवले आणि सगळ्यांना सावकाश चालवले. वर लिहिलेले व्होल्टेजच्या वर्गाचे समीकरण तेच सांगत होते. निम्मे कोर दुप्पट वेगाने पळवले असते तर काम तेवढेच झाले असते, पण वीज जास्त लागली असती. आणि बॅटरी? ५२२० मिलीअँपिअर-तास, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास, किमान दोन तास. भागाकार साडेनऊच्या पुढे जातो. निन्टेंडोने साडेसहा वॅटची मर्यादा पाळलीच नाही. जाडी १३.९ मिलिमीटरच ठेवली, लांबी-रुंदी वाढवून पृष्ठभाग जवळपास ३० टक्के मोठा केला, डॉकमध्ये पंखा बसवला आणि खेळण्याचा वेळ अर्ध्या तासाने कमी करणे मान्य केले. साडेसहा वॅट ही मर्यादा यंत्राची नव्हतीच, ती मी माझ्या मनातून घातली होती. मला जास्त चालणारी बॅटरी हवी होती.

टीव्हीचे गणितही या वेळी वेगळे आहे. ४के म्हणजे १०८० च्या चौपट पिक्सेल, पण डॉकमध्ये वेग वाढतो फक्त १.८ पट. उरलेले काम डीएलएसएस करते: चित्र लहान काढायचे आणि शिकवलेल्या गणिती जाळ्याकडून मोठे करून घ्यायचे. त्यावर वेगळा लेख होईल. एक गंमत मात्र सांगतो, जी कोणाच्याच अंदाजात माझ्या पाहण्यात आली नव्हती. सीपीयूचा वेग डॉकपेक्षा हातात असताना किंचित जास्त असतो, ११०१ विरुद्ध ९९८ मेगाहर्ट्झ.

वहीतली चूक वहीतच राहिली असती तर हा लेख मी लिहिला नसता. २०२४ च्या दिवाळीआधी माझ्या हाउसमधला सातवीतला एक कॅडेट माझ्याकडे आला. ग्राउंडवर तो मला सर म्हणतो, डॉर्ममध्ये मराठीत बोलताना दादा म्हणतो. त्याचे मामा दुबईहून येणार होते आणि स्विचचे ओएलईडी मॉडेल आणू का म्हणून विचारत होते. "दादा, घेऊ की थांबू?" मी वही उघडून दाखवली आणि थांब म्हणालो. नव्यालाही ओएलईडीच असेल, शिवाय बॅटरी जास्त चालेल. आठ कोर लिहिताना वाटली तेवढीच खात्री मला हे सांगताना वाटत होती, आणि दोन्ही एकाच आवाजात सांगितले. मामा त्याच्यासाठी बूट घेऊन आले. खरी माहिती आली तेव्हा त्याने मला काहीच म्हटले नाही. उन्हाळी सुट्टीनंतर मीच त्याला बोलावून वहीतल्या दोन ओळी दाखवल्या. त्यांच्यासमोर स्रोताच्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते.

गेल्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारले, स्विच २ चेही जास्त बॅटरीवाले मॉडेल येईल का? मी सांगितले की पहिल्या स्विचच्या वेळी ते सुमारे अडीच वर्षांनी आले होते, आणि ८ नॅनोमीटरहून चांगल्या पद्धती आजच उपलब्ध आहेत, म्हणून शक्य आहे. कोणी पैसे मोजल्याचा कागद नाही. तारीख नाही. त्याने वही मागितली आणि दर्जाच्या रकान्यात स्वतःच एफ-६ लिहिले, म्हणजे स्रोतही ठरवता येत नाही आणि बातमीही. मला ते जरा कडक वाटले, मी सी-३ दिले असते. पण खोडले नाही.