संशोधकांसाठी लिनक्स संगणक : मांडणी व उपयोग

हैदराबाद शहरातील गौलीगुडा या भागाला लागून, अफझलगंज येथे मुसी नदीच्या काठी, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८९१ मध्ये आसफिया ग्रंथालय या नावाने त्याची स्थापना झाली. उर्दू, फारसी, तेलुगू, मराठी, कन्नड अशा अनेक भाषांतील ग्रंथ तेथे जतन केलेले आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासाचा, महसूल व्यवस्थेचा किंवा शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यास आजही हैदराबादची वाट धरावी लागते. तेथे महिनोन्महिने बसून केलेली टिपणे पुढे वीस वर्षांनी वाचता येतील काय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

अक्षरांचा प्रश्न

संगणक अक्षर ओळखत नाही; तो अंक ओळखतो. जुन्या मराठी टंकांत देवनागरी अक्षरांना रोमन अक्षरांचेच क्रमांक दिलेले असत. तो विशिष्ट टंक दुसऱ्या संगणकावर नसला, की सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसे. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक आहे. उदाहरणार्थ, ‘क’ चा क्रमांक २३२५ असून तो जगातील सर्व संगणकांवर तोच राहतो. देवनागरी व उर्दू मजकूर एकाच पानावर लिहिणे यामुळे शक्य झाले. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले. म्हणून संशोधनाचे लेखन युनिकोडातच करावे, हा पहिला नियम होय.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाची यंत्रसामग्री व त्यावरील आज्ञावली यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेस परिचालन प्रणाली म्हणतात. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. ही प्रणाली विनामूल्य मिळते, तिची मूळ संहिता कोणासही पाहता व सुधारता येते आणि तिच्या प्रती वाटण्यास मोकळीक आहे. डेबियन व उबुंटू ही तिची प्रचलित रूपे होत. भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे.

मांडणीचा क्रम

नवे यंत्र घेणे आवश्यक नाही. चार जीबी स्मृती असलेल्या चौसष्ट बिटी जुन्या संगणकावर हलके दर्शनी रूप निवडल्यास काम भागते; आठ जीबी असल्यास अधिक सोयीचे. प्रथम संगणकातील सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी. ही पायरी कधीही गाळू नये. नंतर प्रणाली अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून पेन ड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. अनेक रूपांत प्रणाली न बसवताच ती चालवून पाहता येते. प्रिंटर, स्कॅनर व वायरलेस जोडणी चालते की नाही, याची खात्री याच वेळी करून घ्यावी, कारण काही उपकरणांचे उत्पादक लिनक्ससाठी साहाय्य देत नाहीत. प्रणाली बसवताना हार्ड डिस्कवर स्वतःच्या फाइलींसाठी वेगळा विभाग ठेवावा. पुढे प्रणाली बदलावी लागली तरी, तो विभाग न पुसता, कागदपत्रे जागच्या जागी राहू शकतात.

आवश्यक साधने

मराठी लेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक निवडावा. हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही लागू असल्याने एकदा हात बसला की तेलुगू किंवा कन्नड लिहिणेही सुकर होते. लेखनासाठी लिब्रेऑफिस, संदर्भांच्या नोंदींसाठी झोटेरो, आकडेवारीच्या विश्लेषणासाठी ‘आर’ आणि प्रबंधाच्या सुबक मुद्रणासाठी लाटेक ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. विद्यापीठाने वर्डच्या स्वरूपात प्रत मागितल्यास लिब्रेऑफिसमधून ती काढता येते. मात्र पाठविण्यापूर्वी पानांची मांडणी तपासून घ्यावी. छापील मराठी पृष्ठ ३०० डीपीआयवर स्कॅन केल्यास टेसरॅक्ट ही आज्ञावली त्यातील मजकूर अक्षररूपात उतरवते. तिच्या चुका मुळाशी ताडून दुरुस्त कराव्या लागतात. हस्तलिखित मोडी दफ्तर मात्र जाणकार वाचकानेच वाचले पाहिजे. ते काम ही आज्ञावली करीत नाही.

जतन

प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या इमारतीत. फाइलीच्या नावात दिनांक व विषय घालावा. प्रत्येक टिपणासोबत ग्रंथाचे नाव, पृष्ठ आणि दफ्तराचा क्रमांक लिहावा, अन्यथा उत्तम टिपणही पुराव्याच्या कामी येत नाही.

लिनक्स बसविल्याने संशोधनाचे कष्ट कमी होत नाहीत. मात्र परवान्याचे शुल्क नसल्याने खेड्यातील शिक्षक व मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापक यांच्या हाती सारखीच साधने येतात. खुल्या स्वरूपात व युनिकोडात लिहिलेली टिपणे कोणा एका कंपनीच्या आज्ञावलीवर अवलंबून राहत नाहीत. गावच्या इतिहासाची नोंद करू इच्छिणाऱ्या शाळांनी व ग्रंथालयांनी निदान एका जुन्या संगणकावर हा प्रयोग अवश्य करून पाहावा.