पोटाची फाइल घेऊन ब्रिटनमध्ये येताना

घरात कुणाला आयबीडी, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार, असेल आणि ब्रिटनचा व्हिसा हातात पडला असेल, तर गोडा मसाला भरण्याआधी फाइल भरा. इथे मुरलेल्या मराठी घरांना विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी हेच आधी सांगितलं. कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सीचे अहवाल, जमलं तर बायॉप्सीच्या स्लाइड्सही. कोणतं औषध कधी सुरू केलं, किती डोस होता, का बंद केलं, हे एका कागदावर डॉक्टरांच्या सहीनिशी. औषधांची ब्रँडची नावं इथे उपयोगाची नाहीत, मूळ नावं लिहून घ्या. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दिसायला फार सारखे असतात. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना आधी टीबीची औषधं देऊन पाहिलेली असतात. तसं झालं असेल तर ते लपवू नका. इन्फ्लिक्सिमॅबसारखं बायोलॉजिक औषध सुरू करण्याआधी इथे सुप्त टीबीसाठी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे करतातच, आणि तेव्हा हा इतिहास लागतो.

व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो, तेव्हा इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, एनएचएसचा, दवाखाना तुमचाच आहे. पोचल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. भाडेकरार अजून झालेला नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. इंग्रजीत पोटाचं सांगणं आईबाबांना अवघड जात असेल तर दुभाषा मागा, तो फुकट मिळतो. सुनेने किंवा नातवाने सासऱ्यांच्या शौचाचं भाषांतर करावं, हे दोघांनाही नको असतं.

खरी अडचण इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब चालू असलेल्यांची. ही औषधं जीपी लिहून देत नाही, ती हॉस्पिटलमधूनच मिळतात, आणि तज्ज्ञाची पहिली वेळ मिळायला महिने लागू शकतात. म्हणून पुढच्या डोसची तारीख जीपीला पहिल्याच भेटीत सांगा, पत्रात ठळक लिहून घ्या, आणि निघण्याआधी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांशी मधल्या काळाचं बोलून ठेवा. गोळ्या असतील तर काही महिन्यांचा साठा चिठ्ठीसकट आणा.

एकदा हॉस्पिटलच्या यादीत नाव लागलं की तिथल्या आयबीडी नर्सचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. आमच्या मते या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत कामाचं माणूस तेच. आपल्याला मोठ्या डॉक्टरांनाच भेटायची सवय, नर्सला काय विचारायचं असं वाटतं. पण आजार उसळला की विष्ठेची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी सांगणं, औषध वाढवायचं का ते तज्ज्ञाला विचारणं, ही कामं तिच्याकडूनच होतात. ‘उद्या बघू’ म्हणून अंगावर काढू नका. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्त पडत असेल आणि सोबत ताप किंवा नव्वदीपुढे नाडी असेल, तर फोनचीही वाट न पाहता इमर्जन्सी गाठा. 1955 साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी घालून दिलेली ही खूण आजही वापरात आहे.

स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये 2025 साली प्रत्येक औषधाला 9.90 पौंड होते. आयबीडी हा माफीच्या यादीत नाही (कायमची स्टोमा असेल तर माफी आहे), तेव्हा महिन्याला दोन औषधं असली तरी वर्षाचं आगाऊ सर्टिफिकेट स्वस्त पडतं.

बॅगेतली डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन मागेच ठेवा, त्यांनी आजार उसळू शकतो. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. प्रेडनिसोलोन बरं वाटलं म्हणून एकदम तोडू नका. कुणाच्या मावशीने पाठवलेलं कुटजाचं चूर्ण घेत असाल तर घेता म्हणून डॉक्टरांना सांगा. रागावत नाहीत, फक्त लिहून घेतात, आणि यकृताच्या तपासणीत गडबड दिसली तर ते लिहिलेलं कामाला येतं.

खाण्यावर मात्र आमच्यात एकमत नाही. एका घरात तिखट पूर्ण बंद, दुसऱ्यात मिसळ चालते पण मोड आलेली मटकी वर्ज्य. सगळ्यांना लागू पडेल असं पथ्य खरंच नाही. आजार वर आला असताना मऊ भात, वरण, मेटकूट बहुतेकांना सोसतं. आतडं अरुंद झालेलं असेल तर कच्च्या काकडीची कोशिंबीर, मक्याचं कणीस, साली-बिया यांबद्दल आहारतज्ज्ञांना विचाराच. उपास करायचा तर औषध गिळायला पाणी चालेल असं ठरवा.

बाहेर पडायची भीती वाटते, ती रास्त आहे. ‘क्रोन्स अँड कोलायटिस यूके’ ही संस्था दुकानात दाखवायला एक कार्ड देते, आणि रडार नावाच्या चावीने देशभरची कुलूपबंद अपंगांची स्वच्छतागृहं उघडतात. धडधाकट दिसणारा माणूस आत गेला की कुणीतरी डोळे वटारतंच. वटारू द्या. कामाच्या ठिकाणी 2010 च्या समानता कायद्याखाली बसण्याची जागा किंवा घरून काम यांसारख्या सोयी मागता येतात.

गणपतीला गावी जाताना इंजेक्शनं थंड पिशवीत, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासह. खालच्या सामानात ती गोठू शकतात. प्रवासाच्या लसींबद्दल काही आठवडे आधी विचारा: टायफॉइडची टोचायची लस चालते, तोंडाने घ्यायची जिवंत लस बायोलॉजिक औषधांवर चालत नाही.