जुना राक्षस नव्या पुस्तकात नेताना

माझं १९७७चं 'मॉन्स्टर मॅन्युअल' तू न विचारता बॅगेत घातलंस, तेव्हाच ओळखलं की दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या टेबलावर राक्षस येणार. ने बाई. पण परवा फोनवर विचारलंस ना, "मामा, जुना एसी नव्यात कसा करायचा?", त्याचं उत्तर घाईत दिलं. वीसमधून वजा कर, म्हणालो. हिशोब बरोबर आहे. आणि इथंच घोडं पेंड खातं.

जुन्या एडी-अँड-डीमध्ये (म्हणजे जुन्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये) चिलखताचा आकडा, म्हणजे एसी, जितका खाली तितका माणूस सुरक्षित. अंगावर काहीच नसेल तर १०, पोलादी चिलखत आणि ढाल असेल तर २, आणि त्याखाली शून्य ओलांडून उणे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं ही शिडी उलटी केली, म्हणून वीसमधून वजा. (जुन्या बेसिकच्या खोक्यातलं पुस्तक असेल तर तिथं उघडा माणूस ९, म्हणजे एकोणीसमधून वजा. आधी कुठलं पुस्तक हातात आहे ते बघावं.) आता राक्षसाचं पान उघड. एसी उणे ४. विसातून उणे ४ वजा केले की २४. तुझ्या २०१४च्या फाइव्ह-ईच्या (पाचव्या आवृत्तीच्या) पुस्तकात म्हाताऱ्या लाल ड्रॅगनचा एसी २२ आहे आणि टरास्क नावाच्या महाकाय प्राण्याचा २५. म्हणजे माणसाएवढ्या उंचीचा, उंची कपडे घालून पाइप ओढत बसलेला प्राणी टरास्कच्या मांडीला मांडी लावून बसला.

मी नेमकं हेच केलं होतं. फाइव्ह-ई नवी होती, उत्साह होता, त्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं २४ लिहिलं आणि खेळ मांडला. चौघे सहाव्या लेव्हलचे, हल्ल्याला अधिक ६. म्हणजे फाशावर १८ पडल्याशिवाय वार लागत नाही. एक जण चहा टाकायला आत गेला, गाळून घेऊन आला, तरी राक्षसाला ओरखडा नव्हता. मग तीन वार लागले आणि तो एकदम मेला, कारण हिट पॉइंट मी जुन्या सात फाशांवरून जेमतेम एकतीस धरले होते. तासभर कंटाळा आणि मग फुस्स. कोणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी दोघे आले नाहीत.

नंतर जुनं पान पुन्हा वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. उणे ४ हा आकडा तिथं एकटा नाहीच. त्याच परिच्छेदात सांगितलंय की साध्या शस्त्रानं त्याला काही होत नाही, अधिक ३च्या खालच्या जादूई शस्त्रानं निम्मीच इजा होते, आठव्या पातळीखालचा मंत्र लागत नाही. आणि धर्मगुरूनं मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला तर खलास. ती भिंत होती आणि भिंतीला मुद्दाम एक खिडकी ठेवलेली होती. तलवारीनं झगडू नका, बाण शोधा, असं तो आकडा सांगत होता. मी भिंत तेवढी नव्या घरात आणली, खिडकी जुन्याच घरात राहिली. पोरी, प्राण्याचं बळ आणि त्याचं मर्म ही जोडी असते. उचलायची तर जोडीनं उचल.

बाणाची गोष्ट रामायणातली समजू नकोस हं. १९७४ साली 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' नावाची अमेरिकी मालिका होती. तिच्या एका भागात राक्षस लोकांना त्यांच्या विश्वासातल्या माणसाच्या रूपात दिसतो आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणानं मरतो. तीन वर्षांनी गॅरी गायगॅक्सच्या या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तोच बाण. खुद्द त्या पानावर राक्षस पहिल्यांदा भारतात माहीत झाले असं लिहिलंय, एवढाच आपला संबंध. पण ओळखीचं सोंग घेऊन जवळ येणं आपल्याला का नवीन आहे? मारीच हरीण झाला, रावण भिक्षा मागायला आला. तुझ्या खेळाडूंनी हे दूध पिताना ऐकलेलं आहे, त्याचा फायदा घे.

तर कामाला लागताना असं कर. जुनं पान वाच, पुस्तक मीट, आणि आकडे न बघता वहीत लिही की हा समोर आला की टेबलावरची माणसं काय करतात. राक्षसासाठी माझ्या वहीत आहे: "मन वाचतो. हवा तो चेहरा दाखवतो. बेसावध होईपर्यंत थांबतो." बस. हे तीन नव्या खेळात उतरले की राक्षस उतरला. बाकी सगळं मक्षिकास्थाने मक्षिका.

आकडे नव्या पुस्तकातूनच घे. फाइव्ह-ईचा राक्षस एसी १६, हिट पॉइंट ११०, चॅलेंज रेटिंग १३. जुन्याचे दोन पंजे आणि चावा मिळून जास्तीत जास्त ११ची इजा. नव्याचा एकेक पंजा दोन सहाफाशी अधिक २, आणि वर शाप, की विश्रांती घेऊनही अंग भरून येत नाही. तुझे खेळाडू सातव्या लेव्हलचे आहेत, त्यांना तेरा जड जाईल. हिट पॉइंट ऐंशीवर आण, पंजाची इजा थोडी उतरव. एसीला हात लावू नकोस. वार लागत राहिले तर खेळणाऱ्याला दम निघतो.

मंत्रांचं मात्र सांभाळ. नव्या पुस्तकात सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याला लागत नाहीत. सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे जास्तीत जास्त चौथ्या पातळीचे. म्हणजे विझार्ड खेळणारी पोरगी रात्रभर फासे हातात घेऊन बसणार. खोलीत तिच्यासाठी काहीतरी ठेव: जड झुंबर, तेलाची पिंपं, कुजलेली तुळई. राक्षसाला मंत्र लागत नाही, अंगावर पडलेलं छप्पर लागतं.

बाण मी असा ठेवलाय, आवडला तर घे. पहिला मंतरलेला बाण लागला की सोंग गळून पडतं आणि त्या लढाईत पुन्हा घेता येत नाही. हिट पॉइंट चाळीस किंवा कमी असताना लागला तर मरतो. आणि बाण तीनच. नाहीतर ही मुलं देवळात जाऊन डझनाच्या भावानं मंतरून आणतात, माझ्याकडे आणले होते.

राक्षस एकटा उतरवू नकोस. नव्या खेळात चौघांच्या चार पाळ्या आणि त्याची एक, कितीही बलदंड असो, घेरून मारतात. जुन्या पानावर एक ते चार जण भेटतात असं आहेच. मी तर वाडाच उभा करतो: भुललेले नोकर, दारावरचा पहारेकरी, आणि जेवायला वाढणारी प्रेमळ आजी. आजी म्हणजे तो.

दुसरी भुतं आणायचा मोह होईल. वाइट (wight) नावाच्या भुताचा हात लागला की जुन्या खेळात अख्खी एक लेव्हल जायची, महिन्या-दोन महिन्यांची कमाई. माणसं वाइट दिसला की पळायची. नव्यात कमाल हिट पॉइंट घटतात आणि रात्री नीट झोप झाली की सकाळी पाटी कोरी. मला हे मिळमिळीत वाटतं. लेव्हल काढून घेऊ नकोस, त्यात नुसती खाडाखोड आणि रडारड. घटलेले पॉइंट त्या मढ्याला मूठमाती मिळेपर्यंत परत येणार नाहीत, एवढं एक वाक्य घाल. भीतीही परत येते आणि पुढच्या सेशनला कामही मिळतं. बॅसिलिस्कच्या बाबतीत मी नव्यांच्या बाजूचा. जुन्यात एक सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, हुकला की दगड, संपलं. नव्यात आधी अंग आखडतं, पुढच्या पाळीच्या शेवटी दुसरा सेव्ह, तो हुकला तर दगड. मधल्या त्या एका फेरीत टेबलावर जो आरडाओरडा होतो त्याला तोड नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. जुन्या खेळात आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक अनुभव पॉइंट मिळायचा; मारामारीचे त्या मानानं किरकोळ. म्हणून लोक राक्षसाला टाळून तिजोरी गाठायचे, आणि प्राणी इतके जहाल चालायचे. तुझे खेळाडू दिसेल त्याच्यावर तुटून पडतील. त्यांना आधी धोका दिसू दे: रिकामं गाव, शेजारणीचं "ती आजी तर गेल्या वर्षीच वारली". शिवाय बेसिकमध्ये प्रत्येक प्राण्याला धीराचा आकडा असायचा, दोन फासे टाकून तो टिकतो की पळतो ते ठरायचं. तू प्रत्येक प्राण्याच्या कार्डावर एक ओळ लिही: हा कधी पळेल. राक्षस पहिला बाण अंगाला लागला की पळतो. परत येतो, दुसऱ्या चेहऱ्यानं.

नावांवरून वाद घालत बसू नकोस. त्यांच्या राक्षसाला वाघाचं डोकं आणि तळवे उलटे. आपल्याकडे उलटे ते भुताचे पाय. त्यांचा तिसऱ्या आवृत्तीतला मारुत म्हणजे मृत्यूचे नियम पाळायला लावणारं यंत्र, त्याचा मरुद्गणांशी नावापुरताच संबंध. एखादा खेळाडू हुशारी करून "आमच्या आजीनं असं नव्हतं सांगितलं" म्हणाला, तर त्याच्याच आजीचं वर्णन विचारून घे आणि वाड्यातल्या आजीला दे.

रविवारच्या आधी आईला आणि धाकट्याला समोर बसवून दोन फेऱ्या खेळून बघ, पंधरा मिनिटं लागतील. आणि पुस्तक तुळशीच्या लग्नापर्यंत परत हवं. पेन्सिलीचा तो २४ खोडू नकोस.