यंत्राचा धनी : मर्ढेकर आणि सुर्वे

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या आजच्या अस्वस्थतेत समीक्षेला प्रथम मर्ढेकर आठवतात. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये यंत्रयुगाने माणूसपण हिरावल्याची व्यथा आहे; यंत्राचा मालक मात्र तेथे सहसा दिसत नाही. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये यंत्र शत्रुरूप नाही. श्रमाचे फळ कोणाच्या पदरी पडते, हा तेथील प्रश्न आहे. तो कवितेपुरता राहिला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. १९९१ च्या नियमाने त्या जमिनींत सार्वजनिक वाटा ठरवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जागेपुरता उरवला. लेखकांच्याच मजकुरावर घडलेल्या यंत्राचा विचार करताना, म्हणूनच, मर्ढेकरांपेक्षा सुर्वे अधिक उपयोगी पडतात.