चोवीस कप्पे

मुलांनो, खेळाच्या तासाला तुम्ही कपडे बदलता. बदललेले कपडे, पैसे, घड्याळ तुम्ही कोठे ठेवता? बाकावर? खिळ्याला टांगलेल्या दप्तरात? की मित्राच्या हाती सोपवता? प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नाने मला एकदा मान खाली घालायला लावली. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो. त्याबरोबर लाकडाच्या आणि सुतारकामाच्या चार गोष्टीही सांगतो.

आमची शाळा कोकणात, खाडीच्या जवळ होती. मैदानाला लागून कपडे बदलण्याची एक खोली होती. कबड्डीच्या संघात १२ मुले आणि व्हॉलीबॉलच्या संघात १२ मुले, अशी २४ मुले ती खोली वापरत. भिंतीवर खिळे ठोकलेली एक फळी होती आणि खाली एक जुना बाक होता. पावसाळ्यात ओले कपडे, कोरडे कपडे, दप्तरे, चपला यांचा एकच ढीग होई.

एके दिवशी एका मुलाचे मनगटी घड्याळ सापडेना. त्याचे वडील आखाती देशात नोकरीला होते. त्यांनी ते ईदसाठी पाठवले होते. मुलगा रडू लागला. "खोलीतून शेवटी कोण बाहेर आले?" मी विचारले. सर्वांनी एका मुलाकडे बोट दाखवले. तो गरीब घरातला होता. मी फारसा विचार केला नाही. सर्वांच्या देखत त्याचे दप्तर उघडून बाकावर पालथे केले. त्यातून दोन वह्या, एक पुस्तक आणि कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी निघाली. घड्याळ निघाले नाही. मुलाने मुकाट्याने वस्तू गोळा केल्या. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला येईनासा झाला.

आठ दिवसांनी खोलीत पाणी शिरले. झाडलोट करण्यासाठी बाक सरकवला, तर त्याच्या कुजलेल्या फळीच्या आणि भिंतीच्या फटीत ते घड्याळ अडकलेले दिसले. ते कोणी चोरले नव्हते. ढिगातून घसरून ते खाली पडले होते.

त्याच संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. माझी चूक झाली, असे त्याला आणि त्याच्या आईला सांगितले. आईने मला बसायला सांगितले, चहा दिला. मग ती शांतपणे म्हणाली, "सर, झडती सगळ्यांसमोर झाली होती."

मी समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मी सर्व शाळेसमोर त्या मुलाची माफी मागितली. माफी मागून मन हलके झाले, पण खोली तशीच होती. उद्या दुसरी वस्तू हरवेल, दुसऱ्या कोणावर आळ येईल. म्हणून आम्ही ठरवले, की प्रत्येक मुलाला आपला एक कप्पा हवा. मुख्याध्यापकांनी होकार दिला, पालकांनी वर्गणी काढली आणि शेजारच्या गावातल्या सुतारकाकांना बोलावले.

सुतारकाकांनी पहिले काम मुलांना दिले. ते म्हणाले, "भिंतीचे माप घ्या आणि किती कप्पे बसतील ते सांगा." भिंत १५ फूट, म्हणजे ४५७ सेंटिमीटर भरली. एका कप्प्याची रुंदी ३० सेंटिमीटर ठरली होती. मुलांनी भागाकार केला आणि ओरडून सांगितले, "एका ओळीत १५ कप्पे! दोन ओळींत ३०!"

काका हसले. "आणि फळ्या कोठे गेल्या?"

मुलांनो, येथे तुम्हीही फसला असता. दोन कप्प्यांच्या मध्ये फळी असते आणि फळीला जाडी असते. काकांची फळी १.९ सेंटिमीटर जाडीची होती. शिवाय एकच लांब कपाट दारातून आत कसे येणार? म्हणून त्यांनी तीन-तीन कप्प्यांच्या रुंदीची वेगवेगळी कपाटे करायचे ठरवले. तीन कप्प्यांना फळ्या किती लागतात? तीन नव्हे, चार. दोन बाजूंच्या दोन आणि मधल्या दोन. म्हणून एका कपाटाची रुंदी अशी :

३ × ३० = ९० सेंटिमीटर
४ × १.९ = ७.६ सेंटिमीटर
एकूण ९७.६ सेंटिमीटर

अशी पाच कपाटे ४८८ सेंटिमीटर होतात. ती भिंतीत मावत नाहीत. चार कपाटे ३९०.४ सेंटिमीटर होतात. ती मावतात आणि सुमारे ६६ सेंटिमीटर जागा उरते. प्रत्येक कपाटात वर तीन आणि खाली तीन कप्पे. चार कपाटांचे झाले २४ कप्पे. मुलेही २४ होती! उरलेली जागा खिडकीजवळ सोडली. तेथे ओले टॉवेल वाळवण्यासाठी एक दांडी बसवली.

मग लाकडाचा प्रश्न आला. काका मला म्हणाले, "मास्तर, माप आज घ्या, पण विचार पावसाळ्याचा करा." लाकूड हवेतला ओलावा शोषून घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली, की ते आकसते. पावसाळ्यात घराचे दार घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सहज उघडते, ते यामुळेच. पण लाकूड सर्व बाजूंनी सारखे फुगत नाही. त्याच्या तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ वाढत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, ते वाढते.

प्लायवूडमध्ये हा दोष कमी असतो. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून प्लायवूड बनवतात. एका थराचे तंतू उभे, तर पुढच्या थराचे आडवे ठेवतात. त्यामुळे एक थर फुगू लागला, तर दुसरा त्याला आवरून धरतो. ओलाव्याच्या जागी साधे प्लायवूड मात्र चालत नाही. त्याचे थर सुटू लागतात. म्हणून काकांनी सागरी प्लायवूड आणले. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा 'आय. एस. ७१०' हा शिक्का होता. कपाटांचा सांगाडा या प्लायवूडचा केला. कापलेल्या कडांतून पाणी लवकर आत शिरते, म्हणून त्या कडांना आधी रंगाचा हात दिला.

दारांसाठी सागवान निवडले. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ते पाण्यालाही टिकते. दारे सपाट फळीची केली नाहीत. चौकटीत आडव्या पट्ट्या बसवल्या आणि पट्ट्यांमध्ये फट ठेवली. का बरे? घामाचे कपडे बंद कप्प्यात ठेवले, तर बुरशी येते आणि वास मारतो. हवा खेळती असेल, तर हा त्रास कमी होतो. दार आणि चौकट यांच्यामध्येही काकांनी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जागा सोडली. ती पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाची जागा होती.

कपाट काटकोनात जोडले गेले की नाही, हे कसे ओळखावे? मुलांनो, येथे तुमची भूमिती कामाला येते. कपाटाची रुंदी ९७.६ सेंटिमीटर आणि उंची १५५.७ सेंटिमीटर होती. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण सुमारे १८३.८ सेंटिमीटर येतो. मुलांनी फितीने दोन्ही कर्ण मोजले. तीन कपाटांचे कर्ण सारखे आले. चौथ्याचा एक कर्ण थोडा जास्त भरला. काकांनी त्या कोपऱ्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोड्याने हलके ठोके दिले. पुन्हा मोजले. आता दोन्ही सारखे झाले. ज्यांना भूमिती कंटाळवाणी वाटत होती, ती मुले फीत सोडायला तयार होईनात!

आता कपाटे उभी करायची होती. खोलीची फरशी मोरीकडे उतरती होती. उतारावर कपाट ठेवले, तर ते एका बाजूला कलते आणि दारे आपोआप उघडतात. सर्व कपाटांखालची पातळी एकच हवी. काकांनी एक लांब पारदर्शक नळी काढली आणि तिच्यात पाणी भरले. नळीची दोन टोके कोठेही धरा, दोन्हीकडे पाण्याची उंची सारखीच राहते. त्या उंचीवर भिंतीवर खुणा केल्या, की सरळ आडवी रेषा मिळते.

"एक टोक कोण धरणार?" काकांनी विचारले. दारात तो मुलगा उभा होता. तो परत कधी आला, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. तो पुढे झाला आणि त्याने नळी धरली. दुसरे टोक घड्याळवाल्या मुलाने धरले. दोघांनी पाणी स्थिर होईपर्यंत हात हलू दिला नाही.

प्रत्येक कपाटाखाली १० सेंटिमीटर उंचीची सागवानी बैठक ठेवली. फरशी जेथे खाली होती, तेथे पाचर मारली. बैठकीमुळे फरशीवरचे पाणी लाकडाला लागत नाही आणि खाली झाडता येते. वाळवी जमिनीतून मातीच्या बारीक वाटा करून वर चढते. त्या वाटाही लगेच दिसतात. भिंतीपासून अडीच सेंटिमीटर अंतर राखले, म्हणजे ओल कपाटाला लागणार नाही.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे होते. उंच आणि अरुंद कपाट मोकळे ठेवू नये. कोणी दाराला लोंबकळले, तर ते अंगावर कोसळू शकते. म्हणून भिंतीत भोके पाडून त्यांत गिट्ट्या ठोकल्या आणि लोखंडी पट्ट्यांनी चारही कपाटे भिंतीला पक्की केली. लाकडात स्क्रू पिळण्यापूर्वी काका आधी बारीक भोक पाडत. तसे न केल्यास लाकूड चिरते.

काम चालू असताना मुलांनी एक गंमत शोधून काढली. काका ज्याला 'रंधा' म्हणत, त्याला आपण उर्दूत 'रंदा' म्हणतो. त्यांचा 'गुण्या' म्हणजे आपला 'गुनिया'. 'कुलूप' हा शब्द तर अरबी 'कुफ्ल'पासून आला. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली. पण त्यांची 'बिजागरी' म्हणजे आपला 'कब्जा', आणि त्यांचा 'ओळंबा' म्हणजे आपला 'साहूल', हे मात्र नव्याने शिकावे लागले.

सर्व झाल्यावर दारांवर १ ते २४ आकडे रंगवले. प्रत्येक मुलाला एक कुलूप आणि एक चावी दिली. तेव्हा एका मुलाने विचारले, "काका, हे छोटे कुलूप चोर सहज तोडेल. मग त्याचा काय उपयोग?"

काका हत्यारे आवरत होते. ते म्हणाले, "बाळा, कुलूप चोरासाठी नसतं. कुलूप असतं भल्या माणसासाठी. त्याच्यावर उगाच आळ येऊ नये म्हणून."

कोणी काही बोलले नाही. मीही नाही.

मुलांनो, आपण उर्दूत 'अमानत' म्हणतो. मराठीतही हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळणे ही अमानत आहेच. पण दुसऱ्याची अब्रू ही त्याहून मोठी अमानत आहे. हरवलेले घड्याळ आठ दिवसांनी सापडले. तो मुलगा मात्र आठ दिवस कोणाच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. ते दिवस त्याला कोण परत देणार?

तुमच्या शाळेत कप्पे असतील, तर ते नीट वापरा. ओले कपडे आत कोंडून ठेवू नका. दाराला लोंबकळू नका. आणि कप्पे नसतील, तर एवढे करा : एखादी वस्तू हरवली, की आधी बाक सरकवून पाहा. माणसाकडे बोट नंतर दाखवा.

शब्दार्थ
आळ येणे – न केलेल्या गुन्ह्याचा दोष लागणे
झडती – अंगावरच्या किंवा सामानातील वस्तूंची तपासणी
तंतू – लाकडातील बारीक धागे
मोरी – सांडपाणी वाहून जाण्याची जागा
पाचर – फटीत ठोकण्याचा लाकडाचा निमुळता तुकडा
ओळंबा – भिंत उभी सरळ आहे का, हे पाहण्यासाठी दोरीला बांधलेले वजन
अब्रू – मान, इज्जत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हरवलेले घड्याळ कोठे सापडले?
(आ) दारांच्या पट्ट्यांमध्ये फट का ठेवली?
(इ) कपाटे भिंतीला पक्की का केली?
२. "सर, झडती सगळ्यांसमोर झाली होती," असे आई का म्हणाली? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. एका कपाटात चार कप्प्यांची रुंदी ठेवली असती, तर कपाटाची रुंदी किती झाली असती? पाठातील मापे घेऊन काढा.
४. वाक्यात उपयोग करा : मान खाली घालणे, नजरेला नजर देणे, मन हलके होणे.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.